मोटारीतील पाणी जाते कोठे?

इसवी सन १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बेर्टा बेन्झ ही जर्मन महिला आपल्या दोन मुलांना बरोबर घेऊन, पतीने बनविलेल्या तीनचाकी मोटारीतून मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली. अंतर एकेरी सुमारे १०५ किलोमीटरांचे. मोटारीच्या इतिहासात हा पहिला दूरचा प्रवास म्हणून ओळखला जातो. या प्रवासात तिला पुनःपुन्हा थांबावे लागले ते पाण्यासाठी. कार्ल बेन्झच्या त्या इंजिनाला थंड ठेवण्याची रीत अगदी साधी होती. सिलिंडरभोवती पाणी असावे, ते तापून उकळावे, आणि वाफ होऊन निघून जाताना त्याने उष्णताही आपल्याबरोबर न्यावी. पाणी कमी होत जाणे हा त्या यंत्राचा धर्मच होता, आणि म्हणून ते गेले कोठे हा प्रश्न त्या काळी कोणालाही पडण्याचे कारण नव्हते.

आजच्या मोटारीचा धर्म अगदी उलट आहे. तिच्यातील पाणी एका बंद मार्गात तेच ते फिरत राहते. इंजिनाभोवतीच्या पोकळीत ते तापते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत येऊन निवते, आणि पंपाच्या जोरावर पुन्हा इंजिनाकडे परतते. सोयीसाठी त्याला पाणी म्हणावयाचे एवढेच. वस्तुतः ते पाणी आणि इथिलीन ग्लायकोल यांचे मिश्रण असते व त्यात धातू गंजू नये म्हणून काही द्रव्ये घातलेली असतात. कूलंट या नावाने ते बाजारात मिळते. मार्ग बंद असल्यामुळे हे कूलंट महिनोन्‌महिने जवळजवळ तेवढेच राहावयास हवे. ते दर आठवड्याला कमी होत असेल, तर कोठे तरी वाट फुटली आहे हे निश्चित समजावे. पुष्कळ मालक मात्र पाणी कमी दिसले की वरून ओततात, पुन्हा कमी झाले की पुन्हा ओततात, आणि गाडी चालते आहे ना, एवढ्यावर समाधान मानतात. एखाद्या दिवशी घाट चढताना बॉनेटखालून वाफेचे लोट निघू लागतात, तेव्हा ज्या दोषावर साध्या क्लिपेने भागले असते त्यापायी सारे इंजिन खोलावे लागते.

हे असे का व्हावे, हे समजण्यासाठी या व्यवस्थेची थोडी ओळख हवी. पेट्रोलच्या ज्वलनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी चाके फिरविण्याच्या कामी साधारणपणे पाव ते एकतृतीयांश भाग येतो. उरलेल्यापैकी बराच भाग धुराबरोबर जातो, आणि जवळजवळ तेवढाच कूलंटला वाहून न्यावा लागतो. सिलिंडरमध्ये ज्वलनाच्या क्षणी तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि ॲल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. या दोहोंच्या मध्ये उभे असते ते हे वाहते द्रव. त्याने उकळू नये म्हणून त्यावर दाब ठेवलेला असतो. बाहेरच्या हवेहून एका वातावरणाइतका अधिक दाब असला, तर साधे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांना उकळते. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकोल अशा मिश्रणाचा उत्कलनबिंदू त्याच दाबाखाली १२८ अंशांच्या आसपास जातो. हा दाब राखण्याचे काम रेडिएटरचे किंवा टाकीचे झाकण करते. त्यात एक स्प्रिंग असते. दाब मर्यादेबाहेर गेला की ती थोडेसे कूलंट बाहेर सोडते. ज्या गाड्यांत बाजूला वेगळी राखीव टाकी असते, तेथे झाकणातच दुसरी एक बारीक झडप असते. इंजिन निवले की तिच्यावाटे ते कूलंट टाकीतून पुन्हा आत ओढले जाते.

झाकणाचे हे काम लक्षात घेतले, म्हणजे पहिला नियम आपोआप कळतो. इंजिन तापलेले असताना हे झाकण कधीही उघडू नये. आतील द्रव शंभर अंशांच्या वर असूनही केवळ दाबामुळे शांत असते. झाकण सैल होताच दाब नाहीसा होतो, आणि त्याच क्षणी ते उकळून कारंज्यासारखे वर उसळते. चेहरा व हात भाजण्याचे असे अपघात क्षणात होतात. वरचा होज पाइप हाताला थंड व मऊ लागेपर्यंत थांबणे हाच एक उपाय होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. बंद मार्गातील पाण्याला बाहेर पडण्याच्या वाटा तीनच असू शकतात. ते मोटारीबाहेर जाईल, बैठकीच्या भागात उतरेल, किंवा इंजिनाच्या पोटात शिरेल. तपास याच क्रमाने करावा, कारण पहिल्या वाटेवरील दोष सर्वांत अधिक आढळतात व सर्वांत स्वस्तात दुरुस्त होतात. शेवटच्या वाटेवरील दोष विरळ आणि महाग असतात. गॅरेजमध्ये पुष्कळदा हा क्रम उलटा होतो. थेंब कोठे दिसत नाही, तेव्हा हेडचे गॅस्केट गेले असणार, असा निर्णय पाना हाती घेण्यापूर्वीच दिला जातो. तो कधी खरा ठरतो, कधी चुकतो. चुकला तर मालकाचा मोठा खर्च होतो आणि पाणी पूर्वीसारखेच कमी होत राहते.

तपासाचा आरंभ मोजमापापासून व्हावा. कूलंट तापले की फुगते, म्हणून सायंकाळी गाडी आल्यावर पाहिलेली पातळी आणि सकाळी पाहिलेली पातळी यांची तुलना निरर्थक असते. रोज सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी, गाडी सपाट जागी असताना टाकीवर खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करावी आणि तारीख व किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. आठवडाभराच्या नोंदीतून दोन गोष्टी कळतात. एक, पाणी खरोखरच कमी होते की नाही. नुकतेच कूलंट बदलले असेल किंवा होज काढून बसविला असेल, तर आत अडकलेली हवा काही दिवस हळूहळू निघत राहते व पातळी उतरते. ती गळती नव्हे. दुसरी गोष्ट म्हणजे नुकसानीचा वेग. पाणी गाडी चालल्यावर कमी होते की नुसती उभी असतानाही, हे त्यावरून समजते, आणि एवढ्यानेच निम्मा तपास पुरा होतो.

थेंब दिसत नाही म्हणून गळती नाही, असे मात्र मानू नये. थोडे गणित येथे उपयोगी पडेल. साधारणपणे वीस थेंबांचे एक मिलिलिटर होते. दर दहा सेकंदांस एक थेंब गळत असेल, तर तासाला ३६० थेंब म्हणजे १८ मिलिलिटर झाले. गाडी रोज दोन तास चालते असे धरले, तर आठवड्याला सुमारे पाव लिटर कूलंट जाते. लहान मोटारीच्या साऱ्या मार्गात मिळून चार-पाच लिटर द्रव मावते, हे लक्षात घेता ही गळती क्षुल्लक नाही. आणि तरीही गाडीखाली एक ठिपकाही दिसणार नाही. कारण हा थेंब तापलेल्या धातूवर पडताच त्याची वाफ होते, आणि जो रस्त्यावर पडतो तो मैलोगणती मागे राहिलेला असतो.

परंतु वाफ झालेले कूलंट आपली खूण ठेवून जाते. पाणी उडून गेले तरी त्यातील द्रव्ये व रंग मागे राहतात, आणि सांध्यावर पांढरट, हिरवट किंवा गुलाबी पापुद्रा धरतो. विजेरी घेऊन हा पापुद्रा शोधावा. होज पाइपांची टोके व त्यांवरील क्लिपा, रेडिएटरच्या बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाक्या जेथे धातूला दुमडून बसविलेल्या असतात तो सांधा, थर्मोस्टॅटचे घर, आणि इंजिनाच्या मागे हीटरकडे जाणारे दोन पाइप ही नेहमीची ठिकाणे होत. पाण्याच्या पंपाच्या अंगावर खालच्या बाजूस एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. आतील सील झिजले की पाणी तेथून पाझरते, आणि पंप बदलण्याची वेळ आल्याची ती सूचना असते. ते भोक बुजविणे म्हणजे सूचना देणाऱ्याचे तोंड बंद करणे होय. रात्री गाडीखाली जाड पुठ्ठा अंथरून ठेवावा. काही सांधे इंजिन थंड होऊन धातू आकसल्यावरच गळतात, आणि त्यांची साक्ष सकाळी पुठ्ठ्यावर मिळते. वातानुकूलन यंत्राचे पाणीही गाडीखाली पडते, पण ते स्वच्छ व बिनवासाचे असते. कूलंटला रंग असतो, आणि बोटांना ते किंचित बुळबुळीत लागते. ते चाखून मात्र पाहू नये. इथिलीन ग्लायकोल गोड असते आणि विषारीही असते. अंगणात सांडलेले कूलंट चाटून कुत्री-मांजरे दगावतात, म्हणून ते तत्काळ धुऊन टाकावे आणि डबा मुलांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

डोळ्यांना काही सापडले नाही, तर दाबाची परीक्षा घ्यावी. झाकणाच्या जागी बसणारा एक हातपंप चांगल्या वर्कशॉपमध्ये असतो. त्याला दाब दाखविणारी तबकडी जोडलेली असते. इंजिन थंड असताना, झाकणावर छापलेल्या मर्यादेपर्यंतच दाब भरावा आणि दहा-पंधरा मिनिटे वाट पाहावी. काटा स्थिर राहिला तर मार्ग निदान थंड असताना तरी शाबूत आहे. काटा उतरू लागला आणि कोठे तरी ओल दिसली, तर दोष सापडला. काटा उतरतो आहे आणि बाहेर मात्र सर्वत्र कोरडे आहे, असे झाले तरच संशय आतील वाटांवर घ्यावा. त्याच पंपाने झाकणाचीही परीक्षा होते, आणि ती कधीही वगळू नये. साऱ्या व्यवस्थेतील हा बहुधा सर्वांत स्वस्त भाग. पण त्याची स्प्रिंग ढिली पडली की दाब टिकत नाही, कूलंट लवकर उकळते आणि वाफेच्या रूपाने मुकाट्याने निघून जाते. सकाळी वरचा होज पाइप चपटा झालेला आढळला, तर झाकणातील परत ओढून घेणारी झडप अडकली आहे असे ओळखावे.

दुसरी वाट बैठकीच्या भागाची. हीटरसाठी डॅशबोर्डच्या आत एक छोटा रेडिएटर असतो, आणि पुष्कळ गाड्यांत हीटर बंद असतानाही त्यातून कूलंट फिरत असते. तो गळू लागला की पुढच्या काचेवर आतून चिकट धुके धरते, गोडसर वास येतो, आणि पुढच्या आसनाखालचा गालिचा ओला होतो. जेथे हीटर वर्षभरात कधी लावला जात नाही, अशा उष्ण प्रदेशांतील मालकांना या भागाची आठवणही नसते. म्हणूनच ही गळती तेथे दीर्घ काळ लपून राहते.

तिसरी वाट इंजिनाच्या आतील. सिलिंडरचा ठोकळा आणि त्यावरील हेड यांच्यामध्ये जे पातळ गॅस्केट असते, त्याला एकाच वेळी ज्वलनाचे वायू, तेल आणि कूलंट या तिघांना परस्परांपासून दूर ठेवावे लागते. ते एका ठिकाणी निकामी झाले, की इंजिन चालू असताना ज्वलनाचा प्रचंड दाब वायूला कूलंटमध्ये ढकलतो. त्यामुळे दाब वाढून झाकण उघडते व पाणी बाहेर फेकले जाते. इंजिन बंद केल्यावर उलटा प्रकार होतो. कूलंट सिलिंडरमध्ये झिरपते. याची लक्षणे ठरलेली आहेत. थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटा-दोन मिनिटांतच, पाणी तापण्यापूर्वीच, होज पाइप कठीण होतो. टाकीत सतत बुडबुडे येतात. इंजिन पुरते तापल्यानंतरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते. चार स्पार्क प्लगांपैकी एकच धुतल्यासारखा स्वच्छ निघतो.

या लक्षणांतील फसवी कोणती, हेही जाणले पाहिजे. थंडीच्या सकाळी सायलेन्सरमधून निघणारी वाफ ही ज्वलनातून नित्य निर्माण होणारी वाफ होय. तेलाच्या झाकणाखाली साचलेला दुधट साका पाहून अनेकांची छाती धडधडते. पण केवळ दोन-तीन किलोमीटरांच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत हवेतील बाष्पानेही तो साचतो. गजकाडीवरील तेलही दुधट असेल, तर मात्र इंजिन सुरूच करू नये, कारण पाणी मिसळलेले तेल बेअरिंगांचे रक्षण करू शकत नाही. शंका उरल्यास एक रासायनिक परीक्षा आहे. टाकीच्या तोंडाशी जमलेली हवा एका निळ्या द्रवातून ओढून घेतात. तीत ज्वलनातील कार्बन डाय-ऑक्साइड असेल तर निळा रंग पालटून पिवळा होतो. हेड उतरविण्याचा खर्च करण्यापूर्वी ही परीक्षा आग्रहाने मागावी. डिझेल गाड्यांत आणखी एक आडवाट असते. धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडण्यापूर्वी तो कूलंटने थंड करणारे एक उपकरण त्यांत असते. ते आतून फुटले तर पाणी धुराच्या मार्गाने जाते. तेल स्वच्छ राहते, गॅस्केटही शाबूत असते.

कारण आणि परिणाम यांची गल्लत कशी होते, याचे एक प्रसिद्ध उदाहरण ब्रिटनमधील रोव्हर कंपनीच्या के-मालिकेच्या इंजिनाचे आहे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस निघालेले हे ॲल्युमिनियमचे इंजिन हलके व चपळ म्हणून नावाजले गेले. पुढे लोटस एलिस आणि लँड रोव्हर फ्रीलँडर या गाड्यांतही ते बसविण्यात आले. परंतु हेडचे गॅस्केट जाण्याबद्दल त्याची अपकीर्ती झाली. गॅस्केटच्या रचनेत उणीव होतीच, आणि पुढे पोलादी पत्र्यांच्या अनेक थरांचे गॅस्केट वापरात आले. तथापि या इंजिनात कूलंटचे प्रमाणच थोडे होते, आणि हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डच्या सांध्यातील रबरी सीलमधून ते हळूच पाझरत असे. साठा थोडा असल्यामुळे एवढ्याशा गळतीनेही आत हवेचे खिसे होत, हेड एका ठिकाणी जास्त तापे, आणि मग गॅस्केट जाई. अशा गाडीत नवे गॅस्केट घालून तो सांधा तसाच ठेवला, तर नव्या गॅस्केटवरही तोच प्रसंग ओढवतो. पाणी का गेले, या प्रश्नाला गॅस्केट हे उत्तर मिळाले, तरी गॅस्केट का गेले हा दुसरा प्रश्न विचारल्यावाचून राहू नये.

दोष सापडल्यावर उपाय बहुधा सरळ असतो. झाकण, क्लिप, होज, पंप हे बदलण्याचे भाग आहेत. हेड उतरवावे लागले, तर ते वाकले आहे काय हे पोलादी पट्टी व फीलर गेज यांनी तपासलेच पाहिजे. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतका बाकही बहुतेक इंजिनांत चालत नाही. हेडचे बोल्ट कंपनीने सांगितलेल्या क्रमाने व जोराने आवळावे, आणि जे एकदाच वापरण्याचे असतील ते पुन्हा वापरू नयेत. गळती बुजविणाऱ्या पुडी-बाटल्यांवर, किंवा जुने चालक रेडिएटरमध्ये टाकीत त्या हळदीवर, फारशी भिस्त ठेवू नये. रानावनात अडकलेल्या गाडीला गावापर्यंत पोहोचविणे एवढेच त्यांचे काम. छिद्र आणि रेडिएटरची बारीक नळी यांतील भेद त्यांना कळत नाही. नळाचे पाणी वरचेवर ओतणेही तितकेच घातक. त्यातील क्षारांचा थर आत धरतो, आणि गंजरोधक द्रव्ये विरळ होत जाऊन ॲल्युमिनियम आतून खाल्ले जाते. ऊर्ध्वपातित पाणी व कंपनीने सांगितलेले कूलंट हेच वापरावे. एकाच रंगाची कूलंटे एकाच जातीची असतात असेही नाही. रंगाला कोणताही सर्वमान्य नियम नाही. शेवटी, भरताना आतील हवा पुरती काढावी, नाही तर नव्या दुरुस्तीलाच दोष लागतो.

राहता राहिला प्रवासातील प्रसंग. बोरघाटासारख्या चढणीवर गाडी तापली, तर वातानुकूलन बंद करून हीटर पूर्ण सोडावा, गाडी सुरक्षित जागी घ्यावी आणि इंजिन बंद करावे. अर्धा-पाऊण तास तरी झाकणाला हात लावू नये, आणि तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये. त्याने हेडला तडा जाऊ शकतो. काटा मध्यावर आहे म्हणून निर्धास्त राहणेही बरे नव्हे. तापमान मोजणारा संवेदक कूलंटमध्ये बुडालेला असेल तोवरच त्याचे म्हणणे विश्वसनीय. पाणी पुरते ओसरून तो कोरडा पडला, तर आत धातू भाजत असतानाही काटा खाली आलेला दिसू शकतो. म्हणून हीटरमधून एकाएकी थंड वारा येऊ लागला, तर काट्याकडे न पाहता गाडी थांबवावी.

दुरुस्ती झाल्यानंतरही ती सकाळची नोंद पंधरा दिवस चालू ठेवावी. टाकीवरील खूण आणि पाण्याची पातळी पंधराव्या दिवशीही एकाच रेषेत असली, म्हणजे वाट सापडली व बंद झाली असे समजावे. तोपर्यंत केवळ कोणाच्या सांगण्यावरून ते मानू नये.